सिनेमाला चौघी गेल्या, पाचवी घरीच राहिली

पत्र

मावशी, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, वय ३८. शाळेपासूनच्या आम्ही पाच मैत्रिणी. लग्नं होऊनही सगळ्या याच पंचक्रोशीत राहिलो, हे आमचं नशीब. तीन वर्षांपूर्वी ठरवलं की महिन्यातून एकदा चिपळूणला जाऊन थिएटरात सिनेमा बघायचा. घरच्यांनी आधी कुरकुर केली, मग त्यांना सवय झाली. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. आता मात्र मजा राहिली नाही. एक जण सिनेमाभर बोलत असते. पुढचे लोक वळून बघतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दुसरी मोबाईल काढून गाणी आणि शेवटचे सीन शूट करते, स्टेटसला टाकते. तिसरीला मारामारीचेच सिनेमे हवे असतात. आणि चौथी, जी माझी सगळ्यांत जवळची, ती मे महिन्यापासून येतच नाही. कधी पाहुणे आलेत म्हणते, कधी डोकं दुखतंय. त्यांची होडी आहे, नवरा मासेमारीला जातो. मी तिला म्हटलं, "तुझं तिकीट मी काढते," तर त्यानंतर तिने माझा फोनच उचलला नाही. तिकीट, एसटी, खाणं धरून माणशी अडीचशे रुपये होतात. तेवढ्यासाठी मैत्री तोडतं का कुणी? मला रागही आलाय आणि वाईटही वाटतंय. हे सगळं बंद करून घरीच मोबाईलवर सिनेमे बघावेत का? की एकटीनेच जावं?
— पाचांतली एक

उत्तर

बाळ, तुझं पत्र दोनदा वाचलं. बोलणारी, शूटिंग करणारी आणि मारामारीवाली या तिघींबद्दल लिहिणारच आहे, पण तू हे पत्र चौथीसाठी लिहिलंयस हे लगेच कळतं. म्हणून आधी तिचं बघू.

ती मे महिन्यापासून येत नाही म्हणतेस. जरा कॅलेंडरकडे बघ. मेच्या शेवटी वारा फिरतो, होड्या वर ओढून शाकारायला लागतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी. घरात रोजचा पैसा येत नाही आणि खर्च मात्र नेमका तेव्हाच उभा राहतो. मुलांची वह्या-पुस्तकं, छत्र्या, कौलं परतणं, जाळी नीट करणं, इंजिनाचं काम. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला आणि होडी पाण्यात गेली तरी पहिल्या फेऱ्यांचे पैसे डिझेल आणि बर्फाच्या उधारीतच जातात. अडीचशे रुपये तुला 'तेवढेच' वाटतात, कारण तुझ्याकडे ते दर महिन्याला असतात. तिच्याकडे ते ऑक्टोबरात असतील, फेब्रुवारीतही असतील, जूनमध्ये नसतात. आणि 'मला परवडत नाही' हे शब्द शाळेपासूनच्या मैत्रिणीसमोर तिच्या तोंडून निघत नाहीत, म्हणून तिचं डोकं दुखतं.

तू तिकीट काढते म्हणालीस ते मायेनेच. तरी ते तिला लागलं. का लागलं असेल ते सांगते, कारण तीच चूक माझ्या हातून झालेली आहे.

मी विशीत असताना आम्ही चार जणी रत्नागिरीला शिकायला होतो. शनिवारी दुपारी सिनेमा. बायकांची तिकिटाची रांग वेगळी असायची, तरी रेटारेटी असायचीच. आमच्यातली एक जण पैसे रुमालाच्या टोकाला गाठ मारून आणायची. त्या दिवशी आमचा नंबर आला तेव्हा ती गाठ सुटेना. पावसाने रुमाल ओला झाला होता. ती नखांनी गाठ सोडवतेय, मागून बायका ओरडतायत, आणि मी माझी नोट खिडकीतून आत सरकवली आणि म्हणाले, "चार." तिकिटं घेऊन आम्ही आत गेलो. दिवे गेले, जाहिराती सुरू झाल्या. अंधारात तिने ती नाणी माझ्या मांडीवर ठेवली. एक ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं. मी ती उचलून परत तिच्या मुठीत कोंबली आणि हसून म्हटलं, "राहू दे गं, वेडी आहेस का?" त्यानंतर ती आमच्याबरोबर सिनेमाला आली नाही. अभ्यास आहे म्हणायची. आम्हाला खरंच वाटायचं. तिच्या मुलीच्या लग्नात, तीसेक वर्षांनी, जेवणाच्या पंगती उठल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ते पैसे मी दोन आठवडे बसचं भाडं वाचवून, चालत जाऊन साठवले होते गं. मला माझं तिकीट काढायचं होतं." मी तिचा हात धरला. बोलायला काही सुचलंच नाही.

तेव्हा, तुझ्या मैत्रिणीचं तिकीट तू काढू नकोस. कुणीच कुणाचं काढायचं नाही अशी सोय करायची.

भिशी तुम्हाला काही नवी नाही. पाच जणींनी सिनेमासाठी एक डबा करा, झाकणाला फट पाडून. आठवड्याला प्रत्येकीने ४० रुपये त्यात टाकायचे. बंदीचे आणि गणपतीचे मिळून बारा आठवडे कुणीच काही टाकायचं नाही. तिला एकटीला सूट नको, पाचही जणींना सुट्टी. राहिले ४० आठवडे. पाच जणी, ४० रुपये, ४० आठवडे, म्हणजे वर्षाचे ८,००० रुपये. तुझ्या हिशेबाने एका वेळी पाच जणींना १,२५० लागतात. म्हणजे सहा सिनेमे झाले आणि वर ५०० रुपये चहासाठी उरले. वर्षाला बाराऐवजी सहा. माझ्या मते सहा पुरेत, आणि ते सहाही पाच जणींचे होतील. एखाद्या आठवड्यात समुद्राने हात दिला नाही आणि कुणाचे राहिले, तर पुढच्या आठवड्यात टाकेल. फक्त एक पाळा. कुणी किती टाकले हे वहीत लिहायचं नाही. डबा उघडला की एकूण किती निघाले एवढंच मोजायचं.

खर्च थोडा कमी करता येतो का, तेही बघून घे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे प्रवासाची काळजी नाही. सिनेमाच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. पुष्कळ ठिकाणी आडवारी आणि सकाळच्या खेळाला दर कमी असतो, तेव्हा शंभराच्या आतलं तिकीट मिळतंय का ते आधी विचारा. शुक्रवारीच, नवाकोरा असतानाच बघितला पाहिजे, असं काही नाही.

खरे पैसे जातात ते मध्यंतरात. बाहेरचे पदार्थ आत आणू न देण्याचा हक्क थिएटरच्या मालकाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी त्यांनी फुकट ठेवलंच पाहिजे, हेही त्यातच आलं. म्हणून पिशवीत तळलेले गरे लपवून नेऊन दारावरच्या माणसाशी वाद घालू नका, त्यात अर्धा आनंद जातो. घरची भाकरी-भाजी स्टँडवर बसून पोटभर खा आणि मग आत जा. पॉपकॉर्न हवेतच तर पाच जणींत एक मोठा पुडा. तो अंधारात हातोहात फिरतो, त्यात मजा आहे.

आता बोलणारीचं. ती उद्धट आहे असं मला वाटत नाही. आपण शिमग्यात नमन-खेळे, म्हणजे आपल्या कोकणातली सोंगांची नाटकं, बघत मोठ्या झालो. काळ्या पोशाखातला, घुंगरं वाजवत येणारा संकासूर आला की पोरं किंचाळतात, बाया हसतात, खेळातल्या मावशीने गवळणींची बाजू घेतली की आपणही ओरडून तिला साथ देतो. तिथे बोलणं हा खेळाचाच भाग असतो. समोरचा सोंगाड्या ते ऐकतो, उलटून उत्तर देतो, त्याला चेव येतो. तुझी मैत्रीण अजून तशीच बघते. नाटकातल्या माणसाला सांगावं तसं ती पडद्यावरच्या माणसाला सांगते, "अरे, मागे बघ." फरक इतकाच की पडद्यावरच्याला ते ऐकू येत नाही आणि पुढच्या रांगेतल्याला येतं.

तिला सिनेमा चालू असताना गप्प करू नकोस. "श्श" म्हटलेलं माणसाला दिवसभर टोचत राहतं. जाताना एसटीतच, हसतखेळत, पण स्पष्ट सांग: "तू बोलतेस तेव्हा मला ऐकू येत नाही, आणि लोक बघतात तेव्हा मला कसंतरी होतं." मग तिला तुझ्या शेजारी बसव आणि एक खूण ठरवा. बोलावंसं वाटलं की तिने तुझा हात दाबायचा. किती वेळा दाबला ते तू मोजून ठेवायचंस आणि परतीच्या एसटीत प्रत्येक दाबामागचं वाक्य तिला विचारायचंस. चिपळूण ते गुहागर ४५ किलोमीटरच्या आसपास, मार्गताम्हाने, शृंगारतळी करत तास-दीड तास सहज जातो. तो सगळा वेळ तिचा. मला तर वाटतं, तिच्यासारखी एक जण असल्याशिवाय परतीचा प्रवास रंगतच नाही. सिनेमा बघून चार माणसं मुकाट्याने मोबाईलमध्ये मान घालून घरी आली, तर ती बरोबर गेली कशाला?

शूटिंग करणारीच्या बाबतीत मात्र मी मऊ बोलणार नाही. पडद्यावरचा सिनेमा मोबाईलवर उतरवून घेणं हा गुन्हा आहे. २०२३ मध्ये सिनेमाचा कायदा सुधारला, त्यात कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे, आणि कैद तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. 'नुसतं स्टेटसला तर टाकलं' ही सबब कायद्यात कुठे लिहिलेली नाही. तिला हे कुणीच सांगितलेलं नसणार, म्हणून तू सांग, आणि आजच सांग. शिवाय तिच्या स्टेटसमुळे शेवट आधीच कळून कितीजणांचा सिनेमा नासला असेल! फोटो हवा असेल तर बाहेर, पोस्टरपाशी, पाच जणींचा काढा. तो ती आयुष्यभर जपून ठेवेल.

मारामारीवालीचं सोपं आहे. पाळी लावा. जिची पाळी तिची निवड, आणि बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही. तिच्या पाळीला जरा मागच्या बाजूला, पण मधोमध बसा. आवाजाचं मिश्रण करणारे साधारण त्याच जागेवरून ऐकून ते जुळवतात, त्यामुळे दणदणाट तिथे नीट ऐकू येतो, कानठळ्या बसत नाहीत. आणि तुझ्या पाळीला एखादा संथ, कमी बोलणारा सिनेमा निवड. लोक म्हणतात की असले सिनेमे घरी बघावेत. मला ते अजिबात पटत नाही. संथ सिनेमा घरी पुरा होतच नाही. मध्ये कुकर होतो, सासूबाई हाक मारतात, दारात कुणीतरी नारळ मोजायला येतं. थिएटरात दोन-अडीच तास तुला कुणी हाक मारू शकत नाही. गावाकडच्या बाईला एवढा सलग वेळ दुसरा कुठे मिळतो सांग बघू.

आणि म्हणूनच तुझ्या मोबाईलच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. हलणारी चित्रं पहिल्यांदा लोकांपुढे आली ती एकेकट्याने बघायचीच होती. १८९४ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनच्या पेट्या मांडल्या होत्या. लाकडी पेटी, वर एक भोक, त्याला डोळा लावायचा, एका वेळी एकच माणूस. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १८९५ ला, पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तीच करामत भिंतीवरच्या पडद्यावर, तिकीट काढून आलेल्या लोकांना एकत्र दाखवली. ७ जुलै १८९६ ला ती मुंबईत वॉटसन हॉटेलात पोचली. लोकांनी पेटी सोडली आणि पडदा धरला. दोन्हींत चित्रं हलतच होती, पण पडद्यापुढे शेजारी कुणीतरी होतं. आता मोबाईल म्हणजे पुन्हा ती पेटीच. गरजेला ठीक आहे. पण ज्या ठिकाणी तू दचकलीस तिथेच शेजारचीही दचकली, तू डोळे पुसायला पदर शोधलास आणि बघतेस तर तिचाही पदर डोळ्याला, हे पेटीत कुठून येणार?

एकटीने जावं का, तर जरूर जा. मी जाते. एकटीने सिनेमा बघणं हे वेगळंच सुख आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त मैत्रिणींवर रागावून जाऊ नकोस. रागाने गेलीस तर सिनेमाभर शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडेच बघत राहशील.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण सांगते. दर महिन्याचा नेम हा शहरातल्या माणसांचा. आपल्याकडे महिने सारखे नसतात. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, जुलैत लावणी, मग गणपतीला चाकरमानी येणार, ऑक्टोबरात कापणी. जून-जुलैत तर त्या रस्त्याला जाऊच नये. कुठे झाड पडेल, कुठे दरड येईल, वाशिष्ठी किती चढेल, सांगता येत नाही. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर तुम्ही जवळून बघितलाय, मी नव्याने काय सांगू. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ खरा तुमचा. तेव्हा हातात थोडा पैसा असतो, रस्ते कोरडे असतात, होड्या समुद्रात असतात. सहातले चार सिनेमे तेव्हाच घ्या. आणि दुपारचाच खेळ घ्या. सिनेमा संपल्यावर शेवटच्या एसटीसाठी धावत सुटायची वेळ येऊ नये. स्टँडवर उतरल्या उतरल्या कंट्रोलरच्या खिडकीत परतीच्या गाड्या विचारून घ्यायच्या, मगच थिएटरकडे निघायचं. शेवटच्या अर्ध्या तासात जी घड्याळ बघते, तिने सिनेमा बघितलाच नाही असं समज.

आता पुढे काय करायचं ते. फोन करू नकोस, ती उचलणार नाही. गणपतीची गडबड सुरू व्हायच्या आत एका संध्याकाळी तिच्या घरी चालत जा. तिकिटाचा विषय काढू नकोस, माफीही लगेच मागू नकोस. ती चहा टाकेल, तो पी. ती मासे निवडत बसली असेल तर तूही विळी ओढून शेजारी बस. मग सहज सांग की आम्ही दर महिन्याचं जाणं बंद केलंय, आता डबा करतोय, गणपती झाले की सुरू. आठवड्याला २०० जमले तर सहा-सात आठवड्यांत, म्हणजे भाऊबीजेच्या सुमारास, पहिल्या सिनेमाचे पैसे होतील. कुठला सिनेमा ते सांगू नकोस. पहिली पाळी तिची, ते ती ठरवेल.

डबा मात्र रिकामाच बरोबर घेऊन जा. आणि निघताना तो तिच्याच फळीवर ठेवून ये.

तुझी,
मावशी